हमिंग कुठून येतं?

घरी जोडलेल्या अँप्लिफायरमध्ये हमिंग आलं, की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘कंडेन्सर वाढव.’ ४७०० एमएफडीचा काढायचा, १०,००० चा लावायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तो आणला जातो, सोल्डर होतो, आणि स्पीकर आधीसारखाच गुणगुणत राहतो.

सल्ला अगदीच चुकीचा नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ब्रिज रेक्टिफायरमधून गेल्यावर कंडेन्सर सेकंदाला १०० वेळा भरतो आणि मधल्या वेळात रिकामा होत जातो. १ अँपिअर करंट ओढला जात असेल, तर ४७०० एमएफडीवर ही लहर जास्तीत जास्त २ व्होल्टच्या आसपास असते आणि १०,००० वर १ व्होल्टच्या. पण एलएम३८८६ किंवा टीडीए२०३० यांसारखी आयसी सप्लायमधली लहर बऱ्याच अंशी स्वतःच दाबून टाकते. लहर निम्मी होऊनही हमिंग तसूभर कमी झालं नाही, तर ते सप्लायच्या लहरीतून येतच नव्हतं.

खरा घोळ बहुतेकदा ग्राउंडच्या वायरिंगमध्ये असतो. ‘ग्राउंड म्हणजे ग्राउंड, कुठेही जोडलं तरी एकच’ हा या छंदातला सगळ्यात महागात पडणारा समज. सर्किटच्या कागदावर ते खरं आहे, तांब्याच्या वायरवर नाही. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या २० सेंटिमीटर वायरचा रोध सुमारे ०.००३५ ओहम. नगण्य वाटतो. पण कंडेन्सर संथपणे भरत नाही. प्रत्येक वेळी थोडा वेळ जोरदार घोट घेतो, आणि तो घोट सहज ५ अँपिअरचा असू शकतो. तेवढ्याने त्या वायरच्या दोन टोकांत साडेसतरा मिलिव्होल्टचा फरक पडतो. इनपुटचं ग्राउंड याच तुकड्यावर मधेच कुठेतरी टेकवलं असेल, तर आयसीच्या दृष्टीने हा फरक म्हणजेच गाणं. २० पट वाढून तो स्पीकरवर ३५० मिलिव्होल्टपर्यंत जातो. मोठा कंडेन्सर लावला की हे घोट आणखी आखूड आणि जोरकस होतात. म्हणजे हमिंग घालवायला केलेला खर्च कधीकधी ते वाढवतो.

म्हणून ट्रान्सफॉर्मरची मधली वायर आधी दोन कंडेन्सरांच्या जोडावर न्यावी. तिथून एकच वायर बाहेर काढून एका बिंदूला जोडावी आणि स्पीकरची परतीची वायर व इनपुटचं ग्राउंड वेगवेगळ्या वायरींनी त्या बिंदूला आणावं. खर्च शून्य.

हे करण्याआधी कान लावावा. सोल्डरिंग आयर्न तापवण्याची घाई सगळ्यांनाच असते, पण दोन मिनिटं ऐकण्यात अर्धं काम होतं. गुळगुळीत, खोल ‘हूं’ बहुधा ५० हर्ट्झचा असतो. तो ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा ग्राउंड लूपमधून, म्हणजे ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्याने, येतो. करकरीत घरघर १०० हर्ट्झची, म्हणजे रेक्टिफायरच्या बाजूची. मग व्हॉल्यूम शून्यावर न्यावा. आवाज गेला तर दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी. तसाच राहिला तर त्याच्या पुढे, सप्लायमध्ये किंवा ग्राउंडच्या वायरिंगमध्ये.

‘सगळ्याला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळ’ हाही आवडता उपाय. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला नीट अडवायला अ‍ॅल्युमिनियम सेंटिमीटरभर तरी जाड हवं. स्वयंपाकघरातली फॉइल त्याच्या खिजगणतीतही नसते. फॉइल थोपवते ते विद्युतक्षेत्र, आणि तेही ती ग्राउंडला जोडली असेल तरच. ट्रान्सफॉर्मर इनपुटपासून दूर सरकवणं, जागच्या जागी फिरवून पाहणं आणि त्याच्या वायरींना पीळ देणं जास्त उपयोगी.

आता अर्थिंग. ‘प्लगची जाड पिन काढून टाक, हमिंग जातं.’ जातं, हे खरं, आणि म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. अँप्लिफायर आणि लॅपटॉपचा चार्जर दोघांनाही अर्थ असेल, तर ऑडिओ केबलमधून लूप तयार होतो आणि पिन काढली की तो तुटतो. पण पुढे कधी ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाटलं, तर धातूच्या डब्यावर २३० व्होल्ट येतील आणि फ्यूज उडणार नाही. हा जिवाशी खेळ आहे. डबा थेट अर्थला जोडलेलाच ठेवावा आणि लूप ऑडिओच्या बाजूने तोडावा: केबलमध्ये १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालून. याउलट, खड्डा खणून मीठ-कोळशाचं नवं अर्थिंग केल्याने आवाज स्वच्छ होतो, असंही काही जण मानतात. गाडीतला स्टिरिओ चार टायरांवर उभा राहून छान वाजतो. अर्थिंग आपल्यासाठी आहे, गाण्यासाठी नाही.

ब्लूटूथ मॉड्यूल लावल्यावर येणारी बारीक किणकिण किंवा शिट्टी अनेकजण मॉड्यूलच्या स्वस्तपणावर ढकलतात. बहुतेकदा मॉड्यूल आणि अँप्लिफायर एकाच सप्लायवर असल्याने ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेलेलं असतं. मॉड्यूलला काही वेळ पॉवर बँकेवर चालवून पाहावं. शिट्टी गेली तर आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर लावावा.

राहिली ‘शss’ अशी सरसर. ती ग्राउंड बदलून जात नाही, कारण प्रत्येक रेझिस्टन्समध्ये उष्णतेमुळे नॉइज असतोच. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये त्याचं मोजमाप आणि गणित मांडलं. ‘मेटल फिल्म रेझिस्टन्स लावले की सरसर संपते’ म्हणणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा. १०० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल मध्यावर असताना हा नॉइज सुमारे ३ मायक्रोव्होल्ट असतो. ३० पट वाढला तरी ०.१ मिलिव्होल्टच्या आत. खुर्चीत बसून तो ऐकू येणं कठीण. तिथपर्यंत सरसर पोहोचत असेल, तर ती आधीच्या टोन कंट्रोल बोर्डातून किंवा गरजेपेक्षा जास्त ठेवलेल्या गेनमधून येते आहे. गेन निम्मा केला की सरसरही निम्मी होते. मात्र एलएम३८८६ चा गेन १० पटीच्या खाली नेऊ नये, कारण ही आयसी त्याखाली स्थिर राहत नाही आणि ऑसिलेट होऊन ट्विटर जाळू शकते.