आठ मुली आणि बादल्यांचा दणदणाट

इमॅक्युलाटा कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्याला गेलं, की आधी कानावर आदळायचा तो लोखंडी बादल्यांचा दणदणाट. एका खेळाडूच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं, बादल्या तिथल्याच. आणि त्या जीव ओतून बडवणाऱ्यांत कॉलेज चालवणाऱ्या सिस्टर्सही असत.

अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळचं हे छोटं कॅथलिक कॉलेज तेव्हा फक्त मुलींचं होतं. १९६७च्या आगीत त्याचं क्रीडागृह जळालं. विशीतल्या कॅथी रश १९७०मध्ये प्रशिक्षक म्हणून आल्या, त्या हंगामाला ४५० डॉलर मानधनावर. सराव चाले सिस्टर्सच्या मठातल्या व्यायामशाळेत. गणवेश म्हणजे चुण्यांचे लोकरी ट्युनिक. ते घालून धावायचं, उडी मारायची, चेंडू अडवायचा.

मार्च १९७२मध्ये इलिनॉयला महिला महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा भरली. त्याआधीच्या विभागीय अंतिम सामन्यात वेस्ट चेस्टर कॉलेजने इमॅक्युलाटाला तब्बल ३२ गुणांनी हरवलं होतं, त्यामुळे १६ संघांत मानांकन मिळालं पंधरावं. प्रवासखर्चासाठी मुलींनी टूथब्रश विकले. तरी पैसे पुरले ते आठ खेळाडूंपुरतेच. त्याही गेल्या विमानात जागा उरली तरच बसवणाऱ्या स्वस्त तिकिटांवर.

तिथे एकेक सामना जिंकत त्या अंतिम फेरीत पोचल्या. समोर पुन्हा वेस्ट चेस्टर! या वेळी उंचपुऱ्या थेरेसा शँकने २६ गुण केले आणि इमॅक्युलाटाने ५२-४८ अशी बाजी मारली. पुढची दोन वर्षंही विजेतेपद त्यांच्याकडेच राहिलं.

शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणारा ‘टायटल नाइन’ कायदा झाला जून १९७२मध्ये, म्हणजे या विजयानंतर तीन महिन्यांनी. म्हणून हे यश मला मोलाचं वाटतं. हाती ना पैसा, ना हक्काचं मैदान. पण कॉलेज मात्र भक्कमपणे पाठीशी होतं. आपल्या गावातला मुलींचा संघ खेळत असेल, तर एकदा तरी बघायला जा. टाळ्या वाजवणारं माणूस लागतंच.

थेरेसा पुढे स्वतः प्रशिक्षक झाली. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला बास्केटबॉल संघाची धुरा तिच्याकडे होती.