तिफण, मोट आणि थ्रेशर : प्रदर्शनात पाहिलेली जुनी अवजारे

गेल्या डिसेंबरात आमच्या वलगावला शाळेच्या पटांगणावर चार दिवस कृषी प्रदर्शन भरले होते. नवे ट्रॅक्टर, फवारणीचे पंप, बियाण्यांचे मंडप, भज्यांची दुकाने, मुलांसाठी आकाशपाळणा असा सगळा थाट होता. वलगाव म्हणजे अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, पेढी नदीकाठचे गाव. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, संत गाडगेबाबांनी याच गावाजवळ देह ठेवला. त्यामुळे डिसेंबरात आमच्याकडे बाहेरगावच्या माणसांची वर्दळ असतेच. प्रदर्शनालाही ती होती.

शेतीची प्रदर्शने वऱ्हाडाला नवी नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री असताना त्यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्या वेळी दिल्लीत होते आणि तेही तिथे गेले होते. पुढे १९६९ साली अकोल्याला पंजाबरावांच्या नावाने कृषी विद्यापीठ निघाले. आमचे वलगावचे प्रदर्शन त्यामानाने अगदीच लहान. पण त्यात एका कडेला कापडी मंडपाखाली जुनी अवजारे मांडली होती, आणि मी दोन दिवस तिथेच घुटमळलो.

दुसऱ्या दिवशी आईलाही सोबत नेले. तिचे वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, तरी आली. माझे वडील सालदार होते. पाडव्याला साल ठरे आणि पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस त्या वाड्याचा होई. आई रोजंदारीने जाई. तेव्हा हा मंडप आमच्यासाठी नुसता तमाशा नव्हता.

दाराशीच तेलाचे इंजिन होते. जाड बिडाचे, दोन्ही बाजूंना जड चाके, हँडल मारून सुरू करायचे. मंडपातल्या पोराने ते सुरू करून दाखवले. आधी धुराचा एक काळा लोट, मग डुग... डुग... डुग असा आवाज. माझ्याएवढ्या वयाचे सगळेच तिथे थांबले, कारण हा आवाज आम्ही लहानपणी रात्री अंथरुणात पडून ऐकलेला आहे. संत्र्याच्या बागेत कुणाचे तरी इंजिन चालू आहे आणि कुणाचा तरी बाप कंदील घेऊन पाणी वळवतो आहे, हे त्यावरून कळायचे.

इंजिनाशेजारी मोट टांगली होती. खरी, चामड्याची, लोखंडी कड्याची. चामडे वाळून लाकडासारखे कडक झालेले. बैल धावेवरून उतरले की भरलेली मोट वर येई, सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे आणि पाटाने वावरात जाई. कातडे कमावणारा आणि मोट शिवणारा माणूस कोण होता, हे वाचकांना सांगायला नको. त्याने शिवलेल्या चामड्यातून आलेले पाणी साऱ्या गावाला चाले, त्याच्या पिकालाही विटाळ होत नसे. मात्र त्याच विहिरीला त्याने हात लावलेला चालत नसे! पाटीवर लिहिले होते : ‘मोट. पाणी उपसण्याचे पारंपरिक साधन.’

पुढे लोखंडी नांगर होता. बेळगावात सायकलीचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते म्हणून शेतकरी तो घेईनात. आज हसू येते. पण ज्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून असते, तो नव्या वस्तूला भिणारच. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि हे नांगर महाराष्ट्रभर पोचले. लाकडी नांगराने नुसती रेघ पडायची, लोखंडी फाळाने माती उलटी होऊ लागली. बैलाला ओढायला आणि सालदाराला दाबायला मात्र तो जडच.

मला सर्वांत आवडला तो जुना कापसाचा रेचा, म्हणजे जिनातले सरकी काढण्याचे यंत्र. याची मूळ युक्ती अमेरिकेतल्या मॅकार्थीने १८४० साली काढली. चामड्याचा एक रूळ फिरत असतो. त्याला एक स्थिर पाते अगदी चिकटून असते. रूळ कापसाचे तंतू धरून पात्याखालून ओढून नेतो, सरकी मोठी म्हणून अडते, आणि दुसरे एक पाते वरखाली होऊन तिला टपटप खाली पाडते. पुढून रुई, खालून सरकी. किती साधी गोष्ट! पण या एका युक्तीने आमचा मुलूख पालटला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला गेली. मग गावोगाव जिन उभे राहिले. त्याआधी घरोघरी बायाच हाताने चरकी फिरवून सरकी काढत. जिनातही रेच्यावर कापूस टाकायला बायाच. माझी आजी जिनात होती. नाकातोंडाला लुगड्याचा पदर बांधून ती दिवसभर उभी राही. संध्याकाळी घरी आली की तिच्या भुवयाही पांढऱ्या असत आणि रात्रभर खोकला. ते यंत्र पाहून मला आनंदही झाला आणि आजीचा खोकलाही आठवला. दोन्ही खरे आहे.

आई तोवर तिफणीपाशी गेली होती. बाभळीच्या लाकडाची, तीन दात्यांची, वर लाकडी चाडे आणि त्यातून निघालेले बांबूचे नळे. तिने चाड्याच्या कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाली, “हे तं घासून घासून गुळगुळीत झालं, पाय. कोन्या बाईचा हात असन हा.” पेरणीत तिफण हाकायचे काम पुरुषाचे, पण मुठीतून बी सोडायचे काम पुष्कळदा बाईचे. बोटांच्या फटीतून दाणे सारखे पडले पाहिजेत. जास्त पडले तर बी संपते, कमी पडले तर ओळीत खंड पडतो, आणि तो खंड तीन महिने साऱ्या गावाला दिसतो. मागून एकीने सरते धरून तुरीची ओळ टाकायची. बैल चालतील त्या चालीने, चिखलात अनवाणी. आईने हे वीस-पंचवीस पावसाळे केले आहे. “पेरतानी बोलू नये, हात चुकते,” ती म्हणाली.

मी कारकून माणूस, बी.कॉम. शिकलेला. कागद दिसला की रकाने पाहण्याची खोड आहे. म्हणून प्रत्येक अवजारापुढची पाटी वाचली. वस्तूचे नाव, उपयोग, अंदाजे वर्ष आणि ‘सौजन्य’ म्हणून मालकाचे नाव, असे चार रकाने. हे अवजार चालवले कुणी, हा रकाना कुठेच नव्हता. मुद्दाम कुणी गाळला असेल असे मी म्हणत नाही. सुचलाच नसेल. पण न सुचणे हेही काही लहान नाही.

शेवटी होते जुने थ्रेशर, नव्या लाल रंगात रंगवलेले. मुले त्याच्या तोंडात डोकावत होती. मी त्यांना मागे ओढले, तशी त्यांची आई माझ्याकडे रागाने पाहू लागली. तिला काय सांगू? आमच्या ओळीतला एक माणूस, मी सहावी-सातवीत असताना, रात्री गहू काढायला गेला. पेंढी आत लोटताना हात ड्रममध्ये गेला तो कोपरापर्यंत. मालकाने इर्विनला पोचवले, पहिल्या औषधाचे पैसे दिले आणि विषय संपला. पुढे त्या माणसाने डाव्या हाताने बिड्या ओढायला शिकून घेतले, पण काम कुणी दिले नाही. चूक त्याची होती, झोपेत होता, असे गावात म्हणत. झोपेत असेल. दिवसभर कापणी करून रात्री मळणीवर उभा राहिलेला माणूस झोपेत नसेल तर काय?

हा प्रकार काही आमच्या एका गावचा नव्हता. देशभर इतके हात गेले की संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी कायदा करावा लागला, आणि तो मुख्यतः थ्रेशरसाठीच होता. जखमी झालेल्याला भरपाई देण्याची जबाबदारी त्यात मालकावर टाकली होती. सुरक्षेचे मानकही ठरले : पेंढी लोटायची पन्हाळ निदान ९० सेंटिमीटर लांब हवी आणि ड्रमकडचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा, म्हणजे माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. मी वितीने मोजले. प्रदर्शनातल्या थ्रेशरची पन्हाळ जेमतेम तीन विती आणि वरून उघडी. एका पत्र्याच्या तुकड्याचा प्रश्न होता. आमच्या ओळीतल्या त्या माणसाला हा कायदा कुणी सांगितला नाही. आम्हालाही तेव्हा माहीत नव्हता.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग यंत्रेच नकोत का? तसे मुळीच नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतांच्या प्रश्नावर निबंध लिहिला. शेत लहान हे खरे दुखणे नाही, शेतकऱ्याजवळ भांडवल आणि अवजारे पुरेशी नाहीत हे दुखणे आहे, आणि शेतीवर अडकून पडलेल्या जादा माणसांना उद्योगात काम मिळाले पाहिजे, असे त्यांनी त्यात मांडले. पुढे १९४५ च्या ग्रंथातही त्यांनी यंत्राची बाजू घेतली. जनावरासारखे राबण्यातून सुटून माणसाला विसावा आणि विचाराला वेळ मिळायचा तर यंत्र हवेच, दोष असेल तर तो यंत्राचा नव्हे, ते ज्या व्यवस्थेत चालते तिचा. चामड्याची मोट गेली आणि इंजिन आले, त्याचे आमच्या वस्तीत कुणाला दुःख झाले नाही. आज सोयाबीन काढायला हार्वेस्टर येते, आठवड्याचे काम काही तासांत होते. कंबर वाचली, हे चांगले. त्या आठवड्याची मजुरी गेली, त्याचे काय, हे मात्र कुठल्याच मंडपात कुणी सांगत नव्हते.

निघताना मी व्यवस्थापकांपैकी एका तरुणाला गाठले आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, थ्रेशरला दोरी बांधा, मुले आत हात घालतात. दुसरी, पाटीवर एक ओळ वाढवा. दोरी त्याने लगेच बांधली. पाटीचे ऐकून जरा घोटाळला. “काका, पण नावं कुठून आणायची?” म्हणाला. खरेच होते. मालकाचे नाव सातबाऱ्यावर असते, सालदाराचे कुठे असते?

तेवढ्यात आईने त्याला विचारले, “जवारी हाये का इथं?” बियाण्यांच्या मंडपातून त्याने कागदात मूठभर ज्वारी आणली. आईने पदर खोचला, तिफणीमागे उभी राहिली, मूठ चाड्यावर धरली आणि बोटे सैल केली. तिन्ही नळ्यांतून दाणे सारखे खाली पडू लागले. शाळेची पोरे गोळा झाली. एकीने विचारले, “आजी, मी करू?” आईने तिचा हात धरून चाड्यावर ठेवला. पहिल्या खेपेला सारी ज्वारी एकाच नळ्यात गेली.

“हळू,” आई म्हणाली. “बोलू नको आता.”