माजी वसाहतींतील राजपद आणि गव्हर्नर-जनरलचे राखीव अधिकार : एक विवेचन

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्याचे झपाट्याने विघटन झाले. तथापि, साम्राज्य संपल्याबरोबर राजपदही संपुष्टात आले असे सर्वत्र घडले नाही. आजही युनायटेड किंग्डम धरून १५ देशांचे राष्ट्रप्रमुखपद राजे चार्ल्स तृतीय यांच्याकडे आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका, पापुआ न्यू गिनी ही त्यांपैकी काही नावे होत.

या व्यवस्थेविषयी दोन समज सर्वसाधारणपणे आढळतात. पहिला, राजपद हे केवळ शोभेचे असून शासनव्यवहाराशी त्याचा काहीही संबंध उरलेला नाही. दुसरा, एखादा देश प्रजासत्ताक झाला की त्याचा वसाहतकालीन वारसा आपोआप संपतो. हे दोन्ही समज अपुरे आहेत. राजाची व्यक्तिगत सत्ता संपली, हे खरे. परंतु राजाच्या नावाने वापरले जाणारे अधिकार संपले नाहीत. ते स्थानिक प्रतिनिधीच्या हाती गेले. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचे विवेचन केले आहे.

वसाहतकालीन चौकट

वसाहतींच्या शासनव्यवस्थेत गव्हर्नर हा केंद्रबिंदू होता. तो राजाचा प्रतिनिधी असे आणि त्याच वेळी लंडनच्या सरकारचा अधिकारीही असे. १८५८ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संपून भारताची सत्ता थेट ब्रिटिश राजसत्तेकडे गेली. त्यानंतर गव्हर्नर-जनरलला 'व्हाइसरॉय' ही उपाधी लाभली. प्रत्यक्षात मात्र आज्ञा भारतमंत्र्याकडून येत असे. राजाचे नाव आणि मंत्र्याची सत्ता ही विभागणी तेव्हापासूनच दिसते.

स्वशासित वसाहतींमध्ये या दुहेरी भूमिकेतून पेच निर्माण झाला. १९२६ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी संसद विसर्जित करण्याचा सल्ला दिला असता गव्हर्नर-जनरल लॉर्ड बिंग यांनी तो नाकारला. त्याच वर्षीच्या साम्राज्य परिषदेत असे ठरले की, डोमिनियनमधील गव्हर्नर-जनरल हा यापुढे ब्रिटिश सरकारचा नव्हे, तर केवळ राजाचा प्रतिनिधी राहील. १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने डोमिनियनांच्या कायदेविषयक स्वातंत्र्याला मान्यता दिली. पुढे एकच व्यक्ती अनेक देशांची स्वतंत्रपणे राजा अथवा राणी असते, हा विचार रूढ झाला. १९५३ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा एलिझाबेथ द्वितीय या पाकिस्तान आणि सिलोन यांच्याही राणी होत्या.

या बदलाचा एक परिणाम मात्र फारसा लक्षात घेतला गेला नाही. गव्हर्नर-जनरलवरील लंडनचे नियंत्रण सुटले, परंतु त्याची जागा कोणत्या लिखित नियमाने भरून काढावी, हे अनेक राज्यघटनांत स्पष्ट झाले नाही. पंतप्रधानाची नेमणूक किंवा बडतर्फी, संसदेचे विसर्जन आणि विधेयकांना संमती हे अधिकार कागदोपत्री राजप्रतिनिधीकडेच राहिले. ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरावेत, हा संकेत होता, कायदा नव्हता. अपवादात्मक प्रसंगी सल्ल्याविना वापरता येणाऱ्या अशा अधिकारांना 'राखीव अधिकार' म्हणतात.

पाकिस्तान, १९५४

या संदिग्धतेची किंमत पाकिस्तानने सर्वांत आधी मोजली. गव्हर्नर-जनरल गुलाम मुहम्मद यांनी एप्रिल १९५३ मध्ये पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांना पदच्युत केले. संविधान सभेने सप्टेंबर १९५४ मध्ये गव्हर्नर-जनरलच्या अधिकारांना कायद्याने आळा घालण्याचा प्रयत्न केला. त्यावर २४ ऑक्टोबर १९५४ रोजी त्यांनी संविधान सभाच बरखास्त केली.

सभेचे अध्यक्ष तमिझुद्दीन खान यांनी या कृतीस सिंध मुख्य न्यायालयात आव्हान दिले आणि तेथे निर्णय त्यांच्या बाजूने लागला. मात्र मार्च १९५५ मध्ये फेडरल न्यायालयाने तो फिरवला. पाकिस्तान हे राजसत्तेखालील डोमिनियन असल्याने संविधान सभेच्या कायद्यांनाही राजप्रतिनिधीची संमती आवश्यक आहे आणि ज्या तरतुदीच्या आधारे दाद मागितली तिला अशी संमती मिळालेली नाही, असा या निर्णयाचा आशय होता. न्यायमूर्ती कॉर्नेलियस यांनी भिन्नमत नोंदविले. येथे लंडनमधून कोणताही आदेश आलेला नव्हता. दूर असलेल्या राजसत्तेचे नाव स्थानिक सत्ताधाऱ्याच्या कामी आले, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय. १९५६ मध्ये पाकिस्तान प्रजासत्ताक झाला. पण लोकप्रतिनिधींची सभा बाजूला सारण्याचा पायंडा तोवर पडून गेला होता.

ऑस्ट्रेलिया, १९७५

स्थिर लोकशाही असलेल्या देशातही हाच प्रश्न उद्भवू शकतो, हे ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणावरून दिसते. १९७५ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना कनिष्ठ सभागृहात बहुमत होते. परंतु सिनेटने खर्चाची विधेयके रोखून धरली. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर-जनरल सर जॉन केर यांनी व्हिटलम यांना पदच्युत करून विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर यांना काळजीवाहू पंतप्रधान नेमले. त्याच दिवशी कनिष्ठ सभागृहाने फ्रेझर यांच्यावर अविश्वास व्यक्त केला. तरीही संसद विसर्जित झाली. डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझर मोठ्या बहुमताने विजयी झाले.

सभागृहाच्या अध्यक्षांनी राणीकडे दाद मागितली. हे अधिकार राज्यघटनेने गव्हर्नर-जनरलला दिलेले असून राणीला त्यात हस्तक्षेप करता येणार नाही, असे उत्तर राजवाड्याकडून आले. केर आणि राजवाडा यांच्यातील पत्रव्यवहार न्यायालयीन लढ्यानंतर जुलै २०२० मध्ये खुला झाला. बडतर्फीविषयी राणीला आगाऊ न कळविणेच इष्ट, असा विचार केर यांनी केल्याचे त्यातून दिसते. मात्र या अधिकारांच्या वापराविषयी राजवाड्याशी त्यांची आधीपासून चर्चा चालू होती, हेही त्यातून स्पष्ट होते. अधिकार राजसत्तेचा, निर्णय प्रतिनिधीचा आणि उत्तरदायित्व मात्र कोणाचेच नाही, अशी ही स्थिती होती.

प्रजासत्ताकाने प्रश्न सुटतो काय?

राजपद दूर करणे हा यावरील स्वाभाविक उपाय वाटतो. परंतु ऑस्ट्रेलियात १९९९ च्या सार्वमतात प्रजासत्ताकाचा प्रस्ताव सहाही राज्यांत फेटाळला गेला. राष्ट्राध्यक्ष संसदेने निवडावा की जनतेने, या मुद्द्यावर प्रजासत्ताकवाद्यांतच फूट पडली होती. बार्बाडोस ३० नोव्हेंबर २०२१ रोजी प्रजासत्ताक झाला. तेथे गव्हर्नर-जनरल असलेल्या सँड्रा मेसन याच पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि पूर्वीच्या पदाचे अधिकार बहुतांशी नव्या पदाकडे आले. याउलट त्रिनिदाद व टोबॅगो १९७६ पासून प्रजासत्ताक असूनही त्याचे अंतिम अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच जाते. राजपद जाणे आणि वसाहतकालीन संस्था जाणे या दोन भिन्न प्रक्रिया आहेत, हे यावरून ध्यानात येते.

भारताचा अनुभवही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात भारत हा डोमिनियन होता आणि सहावे जॉर्ज हे त्याचे राजे होते. एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्याने प्रजासत्ताक भारताला राष्ट्रकुलात राहण्याची वाट मोकळी केली. राजपद गेले, परंतु राज्यपालपद राहिले. निर्वाचित राज्यपालाचा विचार संविधान सभेने केला होता. १९४९ मध्ये मात्र नियुक्त राज्यपालाचा पर्याय स्वीकारण्यात आला. अनुच्छेद ३५६ चे मूळ १९३५ च्या कायद्यातील कलम ९३ मध्ये सापडते.

भारतात या अधिकारांवर अंकुश आला तो मुख्यतः न्यायालयांमुळे. १९९४ च्या बोम्मई निर्णयाने बहुमताची कसोटी सभागृहात ठरविली. जून २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी बहुमत चाचणीचा जो आदेश दिला, तो समर्थनीय नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये नमूद केले. तथापि मुख्यमंत्र्यांनी चाचणीपूर्वीच राजीनामा दिल्याने पूर्वस्थिती आणता आली नाही. चुकीची मीमांसा झाली. परिणाम मात्र पालटला नाही.

समारोप

माजी वसाहतींतील राजपदाचा प्रश्न हा मुकुट कोणाच्या मस्तकी आहे, एवढ्यापुरता मर्यादित नाही. पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही ठिकाणी राणी दूर होती आणि निर्णय स्थानिक होता. म्हणून राष्ट्रप्रमुखाची उपाधी बदलणे हे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. पंतप्रधानाची बडतर्फी, सभागृहाचे विसर्जन आणि विधेयकांना संमती या तीन बाबींतील अधिकार केव्हा, कोणत्या मुदतीत आणि कोणाच्या सल्ल्याने वापरावयाचे, हे लेखी नमूद होणे अगत्याचे आहे. ते संकेतावर सोपविलेले असेल, तोवर प्रजासत्ताकातही जुन्या गव्हर्नरची खुर्ची रिकामी झाली असे म्हणता येणार नाही.