प्रकाश गाळायचा की वाटून घ्यायचा?

फोनमधल्या कुठल्याही फोटोतली जवळजवळ दोन-तृतीयांश रंगमाहिती सेन्सरने मोजलेलीच नसते. ती शेजारच्या पिक्सेलांवरून गणिताने भरलेली असते. सेन्सरमधले सिलिकॉन मुळात रंगांधळे आहे. किती प्रकाश पडला हे ते मोजते, तो कोणत्या रंगाचा हे त्याला कळत नाही.

यावरचा तोडगा अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीचे शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांनी काढला. १९७६ मध्ये त्याचे पेटंट मंजूर झाले. प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाचा फिल्टर. चार पिक्सेलांच्या चौकटीत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरव्याला दुप्पट जागा, कारण उजेडातले बारीक फरक आपला डोळा मुख्यतः हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशातून टिपतो. आजही बहुतेक कॅमेरे हीच मांडणी वापरतात.

तिची मर्यादा पाहायची असेल, तर बारीक चौकड्यांच्या शर्टाचा फोटो मोठा करून पाहा. कापडाची वीण पिक्सेलांच्या जाळीइतकी बारीक झाली, की गणित फसते आणि शर्टावर मुळात नसलेले जांभळे-हिरवे पट्टे उमटू शकतात. पण त्याहून मोठे नुकसान प्रकाशाचे आहे. लाल फिल्टर हिरवा आणि निळा प्रकाश गिळून टाकतो, निळा फिल्टर लाल आणि हिरवा. आत आलेल्या प्रकाशातला निम्म्याहून बराच अधिक वाटा असा वाया जातो. संध्याकाळचे फोटो दाणेदार येतात, त्याचे हे एक कारण.

फोव्हिऑन कंपनीने फिल्टरच काढून टाकले. निळा प्रकाश सिलिकॉनच्या वरच्या थरातच शोषला जातो, लाल काही मायक्रॉन खोल जातो. म्हणून एकाखाली एक तीन थर ठेवून एकाच जागी तिन्ही रंग मोजायचे. २००२ मध्ये सिग्माच्या एसडी९ कॅमेऱ्यात हा सेन्सर आला. तपशील सुरेख मिळाला. पण थरांमध्ये रंगांची सरमिसळ होते. ती गणिताने सोडवताना नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, वाढतो आणि कमी उजेडात हा सेन्सर मागे पडला.

२०१३ मध्ये पॅनासॉनिकच्या संशोधकांनी तिसरी वाट दाखवली. पिक्सेलांच्या वर अतिसूक्ष्म पट्ट्या बसवून त्यांनी प्रकाश गाळण्याऐवजी वळवला. पट्टीतून जाताना प्रकाशलहरींची गती मंदावते. हा परिणाम तरंगलांबीनुसार बदलतो, त्यामुळे एक रंग सरळ जातो आणि दुसरा शेजारच्या पिक्सेलकडे वळतो. म्हणजे लाल पिक्सेलला शेजाऱ्यावर पडलेला लाल प्रकाशही मिळतो. आता हेच काम नॅनोमीटर मापाच्या खांबांकडून करून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत.

अडचण कोनाची आहे. फोनच्या सेन्सरच्या कडेला प्रकाश तिरका पडतो आणि कोन बदलला की वाटणी बिघडते. म्हणून मधले खांब आणि कडेचे खांब वेगवेगळे आखावे लागतात, तेही लाखो पिक्सेलांवर बिनचूक.

तरीही जोर इथेच लावला पाहिजे. मेगापिक्सेलच्या शर्यतीत पिक्सेल एका मायक्रॉनहूनही लहान झाले. इतक्या चिमुकल्या जागेवर आधीच थोडा पडणारा प्रकाश फिल्टरने पुन्हा खाणे परवडणारे नाही. एन्डोस्कोपच्या टोकाशी तर सेन्सर मोठा करायला जागा नसते आणि शरीराच्या आत दिव्याची प्रखरता हवी तेवढी वाढवता येत नाही. तिथे आतड्याच्या अस्तराची लाली पाहून डॉक्टर निर्णय घेतात. तो रंग खरा दिसायचा असेल, तर आलेला प्रत्येक किरण कामी लागला पाहिजे.