हरवलेला नांगर आणि हवेची पिशवी

डिसेंबर २०१८ ची गोष्ट. मालवणच्या समुद्रात आमच्या एका मित्राने होडीचा नांगर टाकला. टाकला तो मोठ्या झोकात. पण दोराचे दुसरे टोक होडीला बांधायचे राहूनच गेले होते! वीस किलोचा लोखंडी नांगर, त्याच्यामागे सळसळत गेलेला दोर आणि तोंडे उघडी टाकून पाहणारे आम्ही चौघे मित्र. होडी भाड्याची होती. तांडेल काही बोलला नाही, तेच जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी उसना नांगर घेऊन आम्ही शोधाला निघालो. अफाट समुद्रात ती जागा सापडणार कशी? तांडेलाला मात्र चिंता नव्हती. किल्ल्याचा एक बुरूज आणि त्याच्यामागचा माड एका रेषेत केव्हा येतो हे त्याने आदल्या दिवशी पाहून ठेवले होते. दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक जोडी हेरली होती. दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात, हे तुम्ही भूमितीत शिकला आहातच. त्याने होडी बरोबर तिथे आणून उभी केली.

खोली १० मीटर. आमच्यातला एक जण पाणबुडीचा प्रशिक्षक आहे. तो आणि मी स्कूबाच्या टाक्या पाठीवर बांधून उतरलो. (आम्ही रीतसर शिकलेलो आहोत, शिकल्याशिवाय या वाटेला कोणी जाऊ नये.) समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्यावर हवेचा एक वातावरण इतका दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे तळाशी दाब दुप्पट. टाकीला जोडलेले रेग्युलेटर आपल्याला भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देते, म्हणून तर छाती फुगवता येते. पण त्यामुळे दर श्वासाला दुप्पट हवा खर्च होते. आमच्या १२ लिटरच्या टाकीत २०० वातावरण दाबाने हवा भरली होती, म्हणजे वरच्या मापाने २,४०० लिटर. मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस तळाशी ४० लिटर घेतो. ६० मिनिटांचा हिशेब. त्यातली पाऊण तासाचीच वापरायची, बाकी शिल्लक ठेवायची.

नांगराला लाल रंग दिलेला होता, तेव्हा तो लगेच दिसेल अशी माझी खात्री. पण पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते! पाच-सहा मीटरखाली लाल वस्तू काळपट तपकिरी दिसू लागते, आणि तिथल्या खडकांचा रंगही तोच. मग प्रशिक्षक मध्यभागी दोरीचे एक टोक धरून बसला आणि मी दुसरे टोक ताणून त्याच्याभोवती फिरू लागलो. एक फेरी झाली की दोरी थोडी वाढवायची. चौथ्या फेरीत नांगराचा दोर दिसला. त्याच्या कडेकडेने गेलो, विजेरी लावली, तर नांगर एकदम लालभडक!

आता तो वर न्यायचा कसा? आर्किमिडीजला विचारा. वीस किलो लोखंडाचे आकारमान अडीच लिटरच्या आसपास. तितके पाणी बाजूला सारल्यामुळे नांगर पाण्यात सुमारे साडेसतरा किलोच भरतो. त्याला तोंड खाली उघडे असलेली २५ लिटरची पिशवी बांधून तिच्यात सुमारे १७ लिटर हवा सोडली की तो तरंगायला लागतो. आम्ही तसेच केले. नांगर अलगद उचलला गेला.

इथे आमचे चुकले. पिशवीतली हवा सोडण्याची झडप हाती ठेवायला हवी होती. पिशवी वर जाऊ लागली तसा दाब कमी झाला आणि बॉईलच्या नियमाप्रमाणे हवा फुगली. फुगली म्हणून पिशवी आणखी जोरात उचलली गेली, जोरात गेली म्हणून आणखी लवकर फुगली. ती बंदुकीच्या गोळीसारखी पाण्याबाहेर उसळली, आडवी झाली, सगळी हवा भुस्सकन निघून गेली आणि नांगर पुन्हा तळाशी! आम्ही बाजूला होतो म्हणून बरे. पिशवीच्या खाली कधी थांबू नये ते याचसाठी.

ती पिशवी म्हणजे आपली फुप्फुसेच समजा. १० मीटरवर घेतलेला ६ लिटरचा श्वास कोंडून कोणी वर आला, तर त्या हवेला वर १२ लिटर जागा लागेल. पिशवीला तोंड उघडे होते, जास्तीची हवा निसटली. कोंडलेल्या फुप्फुसाला मात्र फाटण्यावाचून मार्ग नाही. म्हणून श्वास कधी रोखायचा नाही, आणि वर येताना घाई करायची नाही. २० मीटरवरून १० मीटरवर येताना हवा दीडपटच होते, पण शेवटच्या १० मीटरांत ती दुप्पट होते. उथळ पाणी म्हणजे निर्धास्त, असे वाटते ते याच ठिकाणी फसते. आम्ही दोघे सावकाश, श्वास चालू ठेवून वर आलो.

होडीत चढून तांडेलाला सगळे शास्त्र समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मगे दोरच कित्याक वर हाडूक नाय?"

खरेच की! तीस मीटर लांबीचा दोर नांगराला बांधलेलाच होता. पुन्हा बुडी मारून त्याचे टोक तेवढे वर आणले. तिघांनी मिळून दोन मिनिटांत नांगर ओढून काढला. पण त्याआधी टोक होडीला बांधले आहे की नाही, हे चौघांनीही आपापले तपासून पाहिले.