खोटी दाढी आणि खरी भैरवी

एखादा नट आपल्या आवडीचा झाला, की त्याच्या बाबतीत आपण घरच्या माणसासारखे वागू लागतो. त्याचे चांगले झाले म्हणजे आपली मान ताठ होते, आणि त्याचे फसले म्हणजे चारचौघांत तो विषयच निघू नये असे वाटते. राज कपूर हा माझ्या अशाच आवडीचा नट. ‘श्री ४२०’ (१९५५) आणि ‘अनाडी’ (१९५९) मी किती वेळा पाहिले याचा हिशेब मी ठेवलेला नाही. म्हणूनच त्याच्या ‘दिल ही तो है’ (१९६३) या चित्रपटाविषयी लिहिताना हात थोडा जड होतो. परंतु या चित्रपटात आपल्या बडोद्याचा एक धागा गुंतलेला आहे, आणि तो रसिकांच्या नजरेतून निसटू नये असे मला मनापासून वाटते.

चित्रपटाची सामग्री पाहावी तर ताट भरलेले आहे. दिग्दर्शन सी. एल. रावल आणि पी. एल. संतोषी यांचे, गीते साहिर लुधियानवी यांची आणि संगीत रोशन यांचे. यांपैकी संतोषी, साहिर आणि रोशन हे तिघेही तीनच वर्षांपूर्वी ‘बरसात की रात’ (१९६०) या चित्रपटात एकत्र आले होते, आणि त्यातील कव्वाल्यांनी साऱ्या देशाला वेड लावले होते. शिवाय समोर नायिका नूतन, म्हणजे शोभना समर्थांची कन्या. ‘अनाडी’ आणि ‘छलिया’ (१९६०) या चित्रपटांत राज कपूरशी तिची जोडी आधीच जमलेली. जोडीला प्राण आणि आगा. एवढे सगळे असताना जेवण अळणी व्हावे कसे? पण ते झाले खरे.

कथा नवाबी वातावरणातली. श्रीमंत घरची मुलगी, गाणारा तरुण, गैरसमज आणि वेषांतर हा सगळा ठरीव मालमसाला. वेषांतराला माझी हरकत नाही. आपल्या मराठी माणसाला तर ती असूच नये. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, त्यातला अर्जुनही संन्याशाचा वेष घेऊनच सुभद्रेच्या घरात शिरतो. पण तेथील गंमत वेषात नसून तो वेष पाहून भोवतालची माणसे कशी वागतात यात आहे. बलराम स्वतःच भक्तिभावाने त्या यतीला घरात आणतो आणि बहिणीला त्याच्या सेवेला ठेवतो. भोळ्या माणसाची श्रद्धाच त्याला फसवते. प्रेक्षकाला सारे ठाऊक, कृष्णाला सारे ठाऊक, आणि ज्याने रागवायचे त्यालाच काही ठाऊक नाही! ‘दिल ही तो है’मध्ये दाढी आहे, पण तिच्या भोवती असा बलराम नाही. माणसे फसतात, ती लेखकाला फसवायची आहेत म्हणून. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांनंतर त्या दाढीचे हसू ओसरते.

दुसरी गोष्ट खुद्द राज कपूरची. त्याच्या विनोदाच्या तळाशी नेहमी काहीतरी उणे असते, कधी पैशाचे, कधी आसऱ्याचे. ‘श्री ४२०’मधला तरुण इमानदारीसाठी मिळालेले पदक गहाण टाकतो. ‘अनाडी’तला तरुण बेकार असूनही सापडलेले पाकीट मालकाला परत करतो. या माणसाचा पाय घसरला म्हणजे आपण हसतो, आणि हसता हसता चुकचुकतो. नवाबाच्या दिवाणखान्यात त्याला काही उणेच नाही. तेच डोळे मिचकावणे, तेच खांदे उडवणे, पण आतले कारण निघून गेलेले. तबला उत्तम लावलेला असावा, बोटही तयार असावे, आणि साथीला गवईच नसावा, तसे ते वाटते. त्यात तो अडतिशीचा झालेला; खोडकर पोराची भूमिका अंगावर तंग होऊ लागली होती.

नूतनचे मात्र मला नवल वाटते. याच १९६३ साली तिची ‘बंदिनी’ आली. एकीकडे ती अबोल, होरपळलेली कल्याणी, आणि दुसरीकडे ही नटवी जमीला! तरीही आशा भोसले यांच्या आवाजातली कव्वाली पडद्यावर गाताना तिचा श्वास नेमका गायिकेच्या श्वासाबरोबर तुटतो. याचे कारण उघड आहे. ती स्वतः गाऊ शकत असे. ‘छबिली’त (१९६०) स्नेहल भाटकरांनी तिच्याकडूनच गाऊन घेतले आहे. सूर ज्याच्या गळ्यात आहे त्याचे ओठ खोटे बोलत नाहीत.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो. आमच्या घरी दरबारची गाण्याची चाकरी होती आणि मीही मुलांना गाणे शिकवूनच पोट भरतो. त्यामुळे गाण्याचा म्हातारा उस्ताद म्हणजे हमखास हशाचा धनी, ही चित्रपटवाल्यांची समजूत मला झोंबते. दाढी लावा, टोपी घाला, मान डोलवा, झाला खाँसाहेब! बडोद्याने खरे खाँसाहेब पाहिले आहेत. उस्ताद फैयाजखाँ येथे दरबारी गायक होते आणि १९५० साली याच गावी पैगंबरवासी झाले. असे भारदस्त गाणे ज्या गावाने ऐकले, त्याला कापसाच्या दाढीचे कौतुक ते काय असणार?

पण नियतीची गंमत पाहा. ज्या प्रसंगी राज कपूर ती दाढी लावून रंगमंचावर बसतो, नेमक्या त्याच प्रसंगी चित्रपट एकदम उंच जातो. ‘लागा चुनरी में दाग’ हे ते गाणे. रोशन यांनी ते भैरवीत बांधले आहे. राज कपूरसाठी बहुधा मुकेशचा आवाज असे, आणि या चित्रपटातही तो आहे. पण येथे रोशन यांनी मन्ना डे यांना बोलावले, कारण गाण्याच्या शेवटाकडे सरगम आणि तराणा येतो, आणि तेथे बसक असलेला, तालमीचा गळाच हवा. शब्द तर निर्गुणी वळणाचे. मळलेले वस्त्र घेऊन माहेरी कोणत्या तोंडाने जावे, ही जिवाची चिंता साहिरसारख्या देवभक्तीपासून दूर राहणाऱ्या कवीने मांडली आहे. प्रसंग थट्टेचा, आणि गाणे संतांच्या वाटेचे! नट हसवू पाहतो आणि भैरवी त्याला गप्प करते.

आणि ही भैरवी आली कोठून? रोशन लखनौच्या मॉरिस कॉलेजात शिकले. भातखंड्यांनी १९२६ साली काढलेली ती संस्था. तेथे त्यांना पंडित श्रीकृष्ण रातंजनकरांची तालीम मिळाली. हे रातंजनकर तरुणपणी भातखंड्यांच्या सांगण्यावरून बडोद्यास आले होते, ते फैयाजखाँसाहेबांपुढे बसून शिकण्यासाठी. म्हणजे पडद्यावर खोट्या खाँसाहेबाच्या तोंडी जे गाणे आहे, त्याच्या मागे दोन पिढ्यांवर आपल्या गावचे खरे खाँसाहेब उभे आहेत. ही साखळी मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. विद्या कोणत्या दारातून कोठे पोहोचेल याचा नेम नसतो. फक्त मधल्या प्रत्येकाने ती चोख पुढे द्यावी लागते.

रोशन १९६७ साली गेले, राज कपूर १९८८ साली, नूतन १९९१ साली आणि मन्ना डे २०१३ साली. चित्रपटाची कथा आज कोणाला धडपणे सांगता येणार नाही. पण मैफल संपत आली की कोणीतरी श्रोता मागच्या रांगेतून अजूनही त्या भैरवीची फर्माईश करतोच, आणि गाणाराही आधी घाबरतो, मग गातो. आवडत्या नटाचा चित्रपट फिका निघाला याचे दुःख मला आहेच. पण पाहायचाच असेल तर रसिकांनी तो त्या एका गाण्यासाठी अवश्य पाहावा, आणि तराणा सुरू झाला की दाढीकडे पाहू नये. डोळे मिटून घ्यावेत.