माळवद ते स्लॅब : घरातल्या हवेची चाळीस वर्षं

नेकनूरसारख्या बीड जिल्ह्यातल्या गावाचं घर गेल्या चाळीस वर्षांत किती बदललं, हे भिंतींकडे पाहूनच कळतं. घरातली हवाही बदलली; तिचा हिशेब मात्र क्वचितच कुणी मांडला.

जुनं घर म्हणजे काळ्या दगडाच्या रुंद भिंती, पांढऱ्या मातीचा सांधा, लाकडी तुळया आणि वर माळवद. माळवदाला झरोका असे. चुलीचा धूर त्यातून जाई आणि धुराबरोबर रेडॉनही जाई. त्याचं नावही त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं, पण तो होताच. दगड, माती, वाळू, सगळ्यांत थोडंफार युरेनियम असतं. त्याचा क्षय होत होत रेडियम बनतं आणि रेडियमपासून रेडॉन वायू. त्याला रंग नाही, वास नाही. ३.८ दिवसांत तो निम्मा होतो, म्हणजे जमिनीच्या भेगेतून किंवा भिंतीतून खोलीत यायला त्याला भरपूर वेळ मिळतो. पुढे त्यापासून पोलोनियमचे कण होतात, ते धुळीला चिकटतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनची गणना माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली.

मराठवाड्याचं भाग्य एवढंच, की पायाखाली बेसाल्ट आहे. ग्रॅनाइटच्या दहा लाख भागांत साधारण तीन ते पाच भाग युरेनियम असतं. बेसाल्टमध्ये सहसा एक भाग किंवा त्याहूनही कमी. आपला काळा दगड या बाबतीत गरीबच म्हणायचा.

पण त्या दगडावरचा विश्वास ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उडाला. किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती बहुतेक दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. त्यानंतर ज्याला जमलं त्याने विटा, सिमेंट आणि स्लॅबचं घर बांधलं. ते योग्यच होतं. मात्र माळवदाबरोबर झरोकाही गेला, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

दुसरा बदल परळीहून आला. तिथल्या औष्णिक वीज केंद्रात १९७० च्या दशकापासून कोळसा जळतो आहे आणि राखेचे ढीग वाढत आहेत. केंद्र सरकारने सप्टेंबर १९९९ मध्ये अधिसूचना काढली, की वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्टीवाल्यांनी राख वापरलीच पाहिजे. २००३ मध्ये हे अंतर १०० किलोमीटर झालं आणि २०१६ मध्ये ३००. नेकनूर परळीपासून पन्नासच्या बाहेर पण शंभरच्या आत, म्हणजे दुसऱ्या फेरीत ते या कक्षेत आलं.

राखेचं नाव काढलं की लोक दचकतात, आणि ते साहजिक आहे. कोळसा जळला की युरेनियम, थोरियम राखेत उरतात, त्यामुळे त्यांचं प्रमाण कोळशापेक्षा कितीतरी पट वाढतं. पण अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९९७ मध्येच नोंदवलं, की राखेतली किरणोत्सारिता सामान्य खडक-मातीपेक्षा फार वेगळी नसते. शिवाय राखेचे कण भट्टीत वितळून काचेसारखे झालेले असतात, त्यामुळे रेडॉन त्यांच्यातून सहजी बाहेर पडत नाही. म्हणून माझं मत असं : परळीकरांच्या नाका-डोळ्यांत जाणारी उडती राख हा आजचा, रोजचा त्रास आहे आणि आरडाओरडा आधी त्यासाठी व्हायला हवा. विटेचा प्रश्न शांतपणे मोजून सोडवण्यासारखा आहे.

बांधकामाच्या मालाने खरोखर फसवलं ते स्वीडनला. तिथे १९२९ पासून १९७५ पर्यंत तुरटीच्या शेल खडकापासून हलकं निळसर काँक्रीट बनत होतं. त्या शेलमध्ये युरेनियम भरपूर होतं, लाखो घरं त्याची बांधली गेली. १९७३ मध्ये तेल महागलं तेव्हा उष्णता वाचवायला लोकांनी घरं घट्ट बंद केली आणि आतला रेडॉन आणखी साचला.

नेकनूरला थंडीची भीती नाही, पण घर बंद करायची कारणं आता इथेही आली आहेत. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या, पीओपीचं छत, कुठे एसी. स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा आला. तो एकटा फार भर घालत नाही. रात्रभर दार-खिडकी लावून झोपलेली तळमजल्याची खोली मात्र घालते, कारण रेडॉनचा मोठा वाटा जमिनीतूनच येतो.

मोजायचं साधन आपल्याकडे जुनंच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने देशभरच्या घरांत दोन कप्प्यांच्या डब्या टांगून पाहणी केली. डबीत सेल्युलोज नायट्रेटची फिल्म. साधारण तीन महिने ती खोलीत लटकते. मग कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवली, की अल्फा कण जिथे आदळला तिथे बारीक भोकं उमटतात. ती मोजायची. खर्च फार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरासाठी दर घनमीटरला १०० बेकरेल ही संदर्भपातळी सुचवली. ते जमत नसेल तर ३०० च्या वर जाऊ नये असं सांगितलं. त्याच संघटनेच्या म्हणण्यानुसार विडी-सिगारेट ओढणाऱ्याला रेडॉनचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे २५ पट असतो.

परळी ते नेकनूर पट्ट्यातली राखेच्या विटांची थोडी घरं, शेजारची दगडाची थोडी घरं आणि मधे एखादी शाळा, एवढ्या ठिकाणी हिवाळ्यात, दारं लावून घेण्याच्या दिवसांत, अशा डब्या टांगल्या तर वाद घालायला अंदाज नव्हे, आकडे हातात येतील. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठ आहे; त्यांनी हे काम मनावर घ्यावं. तोवर रात्री झोपायच्या खोलीची एक खिडकी उघडी ठेवायची आणि फरशीच्या, जोत्याच्या भेगा सिमेंटने भरून घ्यायच्या. नवं घरकुल बांधणाऱ्याने छताखाली, समोरासमोरच्या भिंतींत हवेची भोकं मागून घ्यायला हवीत.